रोगप्रतिकाराचा वारसा कोणत्या गायीकडे?

राज्य शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपयांचे अनुदान मंजूर केले. तेव्हापासून नाशिक जिल्ह्यातील पशुपालकांच्या मेळाव्यांत, दूध संस्थांच्या सभांत आणि गावोगावच्या पारांवर एका जुन्या वादाला नवे धुमारे फुटले आहेत. देशी गाय मुळातच निरोगी असते, तिला आजार शिवत नाहीत, आणि संकरित गाय म्हणजे औषधांवर जगवलेले जनावर, असे एक बाजू सांगते. दुसरी बाजू हे सारे भावनेचे बोलणे ठरवते. लस वेळेवर टोचली, गोठा कोरडा ठेवला, खुराक नीट दिला की कोणतीही गाय धडधाकट राहते, रक्ताबिक्ताचा त्यात काही संबंध नाही, असे तिचे म्हणणे असते. सिन्नर-निफाडकडचा, संकरित गायींच्या दुधावर घर चालवणारा शेतकरी सहसा या दुसऱ्या बाजूला दिसतो. शहरातला गोप्रेमी पहिल्या. दोघेही तावातावाने बोलतात, आणि आपल्या म्हणण्याला आधार म्हणून दाखवायला दोघांच्याही हातात एकही कागद नसतो.

माझे मत असे, की या दोन्ही बाजू एकाच ठिकाणी चुकत आहेत. गायीचे शरीर रोगाला कसे तोंड देते याचा पाया आनुवंशिक असतो, हे पहिल्या बाजूचे गृहीतक बरोबर आहे. परंतु हा वारसा जातीच्या नावावर सरसकट वाटलेला असतो, हा तिने काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. प्रतिकार रोगागणिक बदलतो, एकाच जातीच्या दोन गायींमध्ये कमालीचा वेगळा असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड केली तर वाढवता येतो किंवा दुर्लक्ष केले तर गमावताही येतो. म्हणूनच ‘देशी की जर्सी’ या प्रश्नावर सभा गाजवण्यापेक्षा आपल्या गायींच्या आजारांची नोंद वळूच्या निवडीपर्यंत कशी पोहोचवायची, या प्रश्नावर सार्वजनिक पैसा आणि शक्ती खर्च व्हायला हवी. ए-टू दुधाचा वाद मी येथे आणत नाही; त्याचा या विषयाशी संबंध नाही.

देशी गायीच्या बाजूने जे सबळ पुरावे आहेत ते आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत, आणि ते थोडेथोडके नाहीत. गोचिडांचेच पाहा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर, डार्विनला, १८७२ च्या सुमारास इंडोनेशियातून आणलेल्या वशिंडवाल्या जनावरांबरोबर गोचीड उतरली. ज्यांच्या अंगावरून ती आली त्यांचे फारसे काही बिघडले नव्हते, पण तिथल्या ब्रिटिश वंशाच्या गुरांची तिने आणि तिने पसरवलेल्या तापाने दैना केली. पुढे विसाव्या शतकात त्या देशाने भारतीय वंशाचे रक्त मुद्दाम आपल्या कळपांत मिसळले, आणि भारतीय साहिवाल व युरोपीय फ्रिजियन यांच्या संकरातून गोचिडांना दाद न देणारी दुधाळ जात उभी केली. गोचीड तापाचे, म्हणजे थायलेरियाचे, उदाहरण याहून बोलके आहे. एडिनबर्गच्या संशोधकांनी साहिवाल आणि युरोपीय होल्स्टिन वासरांना या परजीवीचा सारखाच संसर्ग देऊन पाहिला. आजारी दोन्हीकडची वासरे पडली. परंतु साहिवाल वासरे उपचाराविना त्यातून उठली, तर होल्स्टिनच्या वासरांची अवस्था गंभीर झाली. ज्याच्या गोठ्यातली चांगली वीस-बावीस लिटरची गाय ताप, रक्तक्षय आणि सुजलेल्या गाठी घेऊन चार दिवसांत आडवी झाली आहे, त्याला हा फरक सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही.

मात्र याच प्रयोगातली पुढची गोष्ट आपल्या वादात कोणी आणत नाही. थायलेरिया रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्या पेशींना भडकवतो. त्यांतून दाह निर्माण करणारी रसायने सुटतात आणि ताप चढतो. होल्स्टिन वासरांमध्ये या रसायनांचा लोंढा येतो आणि पुष्कळसे नुकसान तो लोंढाच करतो. साहिवालमध्ये ही प्रतिक्रिया आवरलेली असते. म्हणजे या आजारापुरती देशी गाय वाचते ती तिची प्रतिकारशक्ती ‘जास्त’ असते म्हणून नव्हे, तर मोजून वागते म्हणून. मग हाच संयम दुसऱ्या एखाद्या रोगात, जिथे सुरुवातीलाच जोरदार हल्ला चढवणे आवश्यक असते तिथे, तितकाच उपयोगी पडेल असे कोणी कोणत्या आधारावर सांगायचे? भारतीय वंश आणि थायलेरिया हजारो वर्षे एकमेकांच्या सहवासात राहिले. त्या सहवासात जी जनावरे टिकली नाहीत ती मागे वंश न ठेवता गेली. उरलेल्यांकडे आला तो त्या विशिष्ट शत्रूचा अनुभव. ज्या शत्रूशी गाठच पडली नव्हती, त्याच्याविरुद्ध हा वारसा कामाला येईलच याची हमी कोणी दिलेली नाही.

लम्पीने नेमके हेच दाखवले. हा विषाणूजन्य आजार प्रथम १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात नोंदला गेला; भारतात तो २०१९ साली ओडिशात दिसला आणि २०२२ मध्ये त्याने थैमान घातले. ते थैमान सर्वांत आधी आणि सर्वांत भयंकर कुठे होते? राजस्थान आणि गुजरातमध्ये. म्हणजे थारपारकर, राठी, कांकरेज आणि गीर यांच्या माहेरघरी. गावाबाहेर पडलेल्या मेलेल्या गुरांच्या राशींची जी छायाचित्रे तेव्हा सर्वत्र फिरली, त्यांत वशिंडे स्पष्ट दिसत होती. ऑगस्ट २०२२ मध्ये हा आजार जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात आला, पुढे राज्यभर पसरला आणि जनावरांचे बाजार बंद करावे लागले. आता, पातळ कातडीच्या युरोपीय जातींमध्ये लम्पी अधिक तीव्र होतो असे पशुवैद्यकाने नोंदलेले आहे, ते मी नाकारत नाही. परंतु ‘आमच्या गावात संकरितच मेल्या’ हे विधान आणि ‘देशीला लम्पी होत नाही’ हे विधान यांत फार अंतर आहे. कोणत्या गायीला लस कधी टोचली होती, मेलेल्यांत वासरे किती होती, गोठ्याशेजारी डबके होते की नाही, चावणाऱ्या माश्या-डासांचा सुळसुळाट किती होता, हे वेगळे काढल्याशिवाय जातीचा हिस्सा कळत नाही. शिवाय संकरित गाय आजारी पडली की मालक रात्रीतून डॉक्टरांना फोन लावतो. मोकाट फिरणारी गावठी गाय नाल्याकाठी मेली तर ती कोणत्या आकड्यात येते? राज्य शासनाने लम्पीने दगावलेल्या गायीमागे ३०,००० रुपयांची मदत दिली, त्यासाठी पंचनामे झाले. ते सारे पंचनामे लसीकरणाच्या नोंदींशी ताडून पाहिले, तर या वादातला निम्मा गोंगाट शांत होईल. ते काम करण्यात कोणत्याच बाजूला रस दिसत नाही.

इतिहासात याहून मोठा दाखला आहे. बुळकांडी (रिंडरपेस्ट) या विषाणूजन्य साथीने या देशात लाखो गुरे मारली; सरकारला आयोग नेमावा लागला आणि त्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. १८८९ साली पुण्यात जी सरकारी जीवाणूशास्त्र प्रयोगशाळा स्थापन झाली आणि पुढे कुमाऊँच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरला हलली, तिच्यामागेही या गुरांच्या साथींचीच चिंता होती. १८७१ साली हिंदुस्थानात संकरित गायी किती होत्या? शेणामातीच्या गोठ्यात वाढलेल्या, रानात चरलेल्या, पेंडीपेक्षा कडब्यावर जगलेल्या, शंभर टक्के देशी गायी-बैलांचेच कळप तेव्हा साफ झाले. आज देशी गायीच्या नैसर्गिक आरोग्याचे जे चित्र रंगवले जाते, त्या चित्रात दाखवलेली सगळी परिस्थिती त्या काळी प्रत्यक्षात होती, आणि तरीही गुरे मेली.

बुळकांडीची पुढची हकिकत मात्र दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे ‘लस आणि स्वच्छता पुरे’ म्हणणाऱ्यांच्या, डोळ्यांत अंजन घालणारी आहे. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्यापासून लस तयार केली. मैदानी प्रदेशातल्या भारतीय गुरांना ती मानवली आणि त्यांना दीर्घकाळचे संरक्षण मिळाले. पण तीच लस डोंगराळ भागातल्या काही जनावरांना आणि युरोपीय जातींना झेपत नसे. त्यांना तीव्र बाधा होई, काही दगावतही. बाटली एक, मात्रा एक, टोचणारा हात एक, आणि परिणाम मात्र रक्तागणिक वेगळा! सर्व जातींना चालेल अशी, पेशींवर वाढवलेली लस नंतर आली. १९५४ पासून देशभर मोहीम चालली, शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला आणि २०११ साली बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. रोग संपवला तो लसीनेच, हे खरे. परंतु ती लस कोणाला कशी लागू पडेल हे ठरवण्यात वंशाचा वाटा होता, हेही तितकेच खरे.

जातीच्या नावावर विसंबण्यातला धोका दाखवणारी दोन उदाहरणे परदेशातली आहेत. पश्चिम आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे पसरणाऱ्या ट्रिपनोसोमा या परजीवीच्या रोगाला एन्दामा जातीची गुरे तोंड देऊ शकतात, आणि ही एन्दामा वशिंडाची नव्हे. ती युरोपीय गायींच्या कुळातली, बिनवशिंडाची आहे. त्या रोगापुढे हात टेकते ती पूर्व आफ्रिकेतली वशिंडवाली बोरान. म्हणजे येथे आपल्या वादातल्या भूमिकांची अदलाबदल झाली. त्याहून मौजेची गोष्ट अशी, की या दोन जातींचा संकर करून संशोधकांनी जनुकीय नकाशा काढला तेव्हा प्रतिकाराला मदत करणारे काही गुणसूत्रखंड दुबळ्या समजल्या गेलेल्या बोरानकडून आलेले निघाले. दुसरे उदाहरण २०२३ मधले. अमेरिकेतल्या शासकीय संशोधकांनी जनुकसंपादन करून, गुरांना हगवण लावणाऱ्या बीव्हीडी या विषाणूला फार कमी दाद देणारे वासरू जन्माला घातल्याचे जाहीर केले. विषाणू ज्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, त्या सीडी-४६ मधली फक्त सहा अमिनो आम्ले त्यांनी बदलली होती. ते वासरू गीर जातीचे होते. गीरच्या पेशीचे दारही त्या विषाणूला मोकळे होते, म्हणून तर ते बंद करावे लागले.

आता आपल्या दाराशी असलेल्या डांगीकडे येऊ. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि शेजारच्या अकोले तालुक्यातले हे जनावर. घोटीच्या बाजारात जुने जाणते गिऱ्हाईक बैलाच्या पाठीवरून उलटा हात फिरवते आणि मग बोटे एकमेकांवर घासून पाहते. अस्सल डांगीच्या कातडीला एक तेलकटपणा असतो, पाणी अंगावर ठरत नाही, आणि काळे, टणक खूर चिखलातल्या भातखाचरात दिवसभर उभे राहूनही मऊ पडत नाहीत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या इगतपुरीत होल्स्टिनचे जनावर असे उघड्यावर ठेवून पाहावे म्हणजे डांगीची किंमत कळते. मात्र पावसाला टिकणे आणि घटसर्पाला टिकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली कातडी आणि खुरांची करामत आहे, दुसरी रक्तातल्या पेशींची. पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्याची लस डांगीलाही टोचावीच लागते, आणि लाळ्या-खुरकुताची साथ आली की डोंगरातले कळपही लंगडतात. डांगी काटक आहे म्हणून ती सर्वच बाबतींत निरोगी आहे, असे म्हणणाऱ्याने तिच्यावर उपकार केलेले नाहीत. त्याने तिला अभ्यासातून वगळले आहे. तिच्याकडे गोचिडांविरुद्ध, थायलेरियाविरुद्ध नेमके काय आहे, ते कोणत्या कुळांत अधिक आहे, हे मोजण्याची निकड कोणाला वाटत नाही, कारण सर्वांनी ते आधीच ‘माहीत’ करून घेतले आहे.

दुसऱ्या बाजूचे सर्वांत बळकट मुद्देही टाळता येणार नाहीत. वासराच्या आरोग्याचा पहिला निर्णय जनुके नव्हे, तर मालक करतो. गायीच्या वारेतून वासराकडे प्रतिपिंडे जात नाहीत. ते जवळजवळ निःशस्त्र जन्माला येते आणि पहिल्या काही तासांत पोटात गेलेला चीक हेच त्याचे संरक्षण असते. एक दिवस उलटला की आतड्यातून ती प्रतिपिंडे रक्तात शिरण्याचा मार्ग बंद होतो. त्या चिकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटणाऱ्याने मग वासराच्या जातीला दोष देऊ नये. तसेच कासदाहाचे. एखाद्या गायीला कासदाह होतो की नाही, यांतल्या तफावतीत वळूकडून व आईकडून आलेल्या वारशाचा वाटा शंभरात जेमतेम चार-पाच असतो, बाकी सारे सडांची स्वच्छता, धार काढण्याची पद्धत, ओला गोठा आणि दैव. असे असेल तर चार-पाच टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न वाजवी आहे.

त्याचे उत्तर नॉर्वेने अर्ध्या शतकापूर्वी दिले आहे. त्या देशाने १९७५ पासून प्रत्येक गायीच्या आजाराची आणि उपचाराची नोंद देशपातळीवर ठेवायला सुरुवात केली आणि १९७८ मध्ये कासदाहाचा समावेश वळूंच्या निवडीच्या निकषांत केला. वारशाचा वाटा अल्प असला तरी वळूंवळूंमधला फरक मोठा असतो. एका वळूच्या शंभर-दोनशे लेकींची नोंद एकत्र केली की गोठ्यागोठ्यांतला फरक एकमेकांत विरून जातो आणि वळूचा स्वतःचा परिणाम वर येतो. स्वच्छतेचा लाभ रोज नव्याने कमवावा लागतो. निवडीचा लाभ पुढच्या पिढीत जमा होऊन राहतो. आणि एक कटू गोष्ट अशी, की अधिक दूध आणि कासदाहाची प्रवृत्ती यांची जनुकीय सांगड काही अंशी एकाच दिशेने जाते. तेव्हा केवळ लिटर पाहून वळू निवडणारा माणूस कासदाहाबाबत तटस्थ नसतो. तो नकळत कासदाहाचीच निवड करीत असतो, आणि आपल्याकडे संकराचा कार्यक्रम सुरू झाल्यापासून बहुतांश निवड अशीच झालेली आहे.

‘रक्ताचा संबंध नाही’ म्हणणाऱ्यांनी ऑस्बॉर्नडेल आयव्हनहो या वळूची कथा जरूर समजून घ्यावी. १९५२ साली जन्मलेला हा होल्स्टिन वळू त्याच्या लेकींच्या दुधासाठी नावाजला गेला आणि त्याच्या मुलानातवांच्या रेतमात्रा जगभर पोहोचल्या. त्याच्या वंशात एका जनुकातले एकच अक्षर बदललेले होते. त्या बदलामुळे पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर, जखमेपर्यंत जाता येत नाही. आईकडून व बापाकडून दोन्हीकडून हा दोष आलेल्या वासराच्या रक्तात पांढऱ्या पेशींची गर्दी असते, तरी हिरड्या, फुप्फुसे, आतडी यांतला साधा संसर्गही त्यांना आवरत नाही आणि वासरू लहानपणीच मरते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा दोष जनुकाच्या पातळीवर ओळखला गेला, तेव्हा अमेरिकेतल्या तपासलेल्या होल्स्टिन वळूंपैकी सुमारे १४ टक्के त्याचे वाहक निघाले. भारतातल्या होल्स्टिन आणि संकरित जनावरांतही पुढे वाहक सापडले आणि आता रेतकेंद्रांत वळूंची ही चाचणी केली जाते. अशा वासराला कोणती लस, कोणता कोरडा गोठा वाचवणार होता?

प्रतिकाराचे कामकाज एका जनुकावर चालत नाही, हे लक्षात घेतले तर जातीच्या नावाची मर्यादा आणखी स्पष्ट होते. गायीच्या तेविसाव्या गुणसूत्रावर बोला नावाचा जनुकसमूह आहे. शरीरात शिरलेल्या जंतूचे तुकडे टी-पेशींपुढे (रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींपुढे) मांडणारी प्रथिने यांतून तयार होतात. त्यांतल्या डीआरबी-३ या एकाच जनुकाची शेकडो रूपे गायींत आढळतात. एखादे रूप एका विषाणूचा तुकडा उत्तम मांडते, दुसऱ्याचा मांडतच नाही. गायींच्या रक्तकर्काच्या विषाणूला आवर घालणारे रूप कासदाहात कामाला येईलच असे नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात बॉनी मॅलार्ड यांनी गायींचा प्रतिपिंडांचा प्रतिसाद आणि पेशींमार्फत होणारा प्रतिसाद वेगवेगळा मोजला. दोन्हींत वारशाचा वाटा साधारण पाव हिस्सा, म्हणजे कासदाहाच्या कितीतरी पट. पण एकात अव्वल असलेली गाय दुसऱ्यात अव्वल असतेच असे नाही. प्रतिपिंडे पेशींबाहेरच्या जंतूंना उपयोगी, तर क्षयासारख्या पेशीत लपणाऱ्या जंतूंसाठी दुसरा मार्ग लागतो. म्हणून कळपाची खरी ताकद त्या रूपांच्या वैविध्यात असते. होल्स्टिनने मोजक्या वळूंवर भिस्त ठेवून ते वैविध्य आकसून घेतले. उद्या गीरच्या चार प्रसिद्ध वळूंच्या रेतमात्रा गावोगावच्या खिल्लार, डांगी आणि गावठी गायींना सरसकट भरवल्या, तर देशीच्या नावाखाली आपण तोच प्रकार करू.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगावे लागू नये. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा तिथेही आपले वाण की अमेरिकी वाण असा अस्मितेचा वाद रंगला होता; निकाल लागला तो अमेरिकी खुंटावर फ्रेंच वाणाचे कलम करून. आपल्या जिल्ह्यातही क्षार आणि पाणीटंचाईपुढे बागा टिकाव्यात म्हणून डॉगरिजचे खुंट आले. कोणता खुंट कोणत्या जमिनीत, कोणत्या पाण्यावर, कोणत्या अडचणीसाठी, हे निफाड-दिंडोरीचा शेतकरी बोटांवर सांगतो. खुंट ‘विदेशी’ म्हणून तो उपटत नाही आणि ‘विदेशी’ म्हणून डोक्यावरही घेत नाही. मग बांधावरून गोठ्यात पाऊल टाकताच त्याची ही चौकस वृत्ती कुठे जाते?

राहतो व्यवहाराचा आक्षेप. आपल्याकडे गोठे लहान, दोन-चार गायींचे. नोंद कोण ठेवणार? नॉर्वेचे ठीक आहे, इथे ते जमणार नाही, असे सांगितले जाते. मला हा आक्षेप उलटा वाटतो. एका वळूच्या लेकी पन्नास गावांतल्या पन्नास गोठ्यांत विखुरलेल्या असणे, ही वळूचा परिणाम आणि गोठ्याचा परिणाम वेगळा करण्यासाठी उत्तम परिस्थिती आहे. एकाच मोठ्या फार्मवर ती मिळत नाही. गायींच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आलेला आहे. लसीकरण आणि कृत्रिम रेतन त्या क्रमांकावर नोंदवले जाते. त्याच क्रमांकावर आजार आणि उपचार नियमाने चढवणे एवढेच उरते. मोजमापही अवघड नाही. गोचिडांचा प्रतिकार मोजण्याची ऑस्ट्रेलियातली रीत अशी, की गायीच्या एका अंगावरच्या, साडेचार ते आठ मिलिमीटर लांबीच्या, रक्त पिऊन फुगत चाललेल्या माद्या मोजायच्या आणि आकडा दुप्पट करायचा. एका दावणीला, एकाच खुराकावर बांधलेल्या दोन संकरित गायींच्या कानामागे, पोळीखाली आणि कासेच्या बेचक्यात हात घालून पाहिले, तर एकीवर मूठभर गोचीड आणि दुसरीवर पाच-सात, असे चित्र सिन्नर तालुक्यातल्या अनेक गोठ्यांत दिसते. मालकालाही ते ठाऊक असते. ‘हिला गोचीड लागत नाही’ असे तो सहज सांगतो, आणि पुढच्या वेळी कालवड विकायची ठरली की त्याच गायीची विकतो, कारण ती दोन लिटर कमी देते.

गौचिप ही गायींची जनुकीय चाचणी आल्याने आता नोंदींची गरज संपली, असाही एक समज पसरतो आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याच राज्यात, वाशिमला, पंतप्रधानांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले, आणि भारतीय गायींसाठी स्वतंत्र जनुकीय चाचणी मिळाली ही मोठीच गोष्ट आहे. परंतु चिप केवळ गुणसूत्रांवरची अक्षरे वाचते. कोणते अक्षर गोचीड तापाला आवर घालते हे तिला शिकवावे लागते, आणि ते शिकवण्यासाठी हजारो गायींचा खरा, प्रामाणिक आजारपणाचा इतिहास लागतो. तो नसेल तर चिपच्या अहवालावर वळूचे नाव, जात आणि दुधाचा अंदाज येईल, आजाराचा रकाना कोराच राहील. गोशाळा येथे मोलाच्या ठरू शकतात, कारण अनेक देशी जनावरे एका छताखाली, वर्षानुवर्षे आणि शासनाच्या पैशावर राहतात. अनुदानाच्या बदल्यात प्रत्येक जनावराचे आजारपत्रक मागणे मुळीच गैर नाही.

एक आक्षेप मात्र खरोखर अडचणीचा आहे. गायीला आजार झाल्याची नोंद झाली की तिची बाजारातली किंमत उतरते, म्हणून मालक ती लपवणार. हे नैसर्गिक आहे आणि कायद्याने सुटणारे नाही. गायीची नोंद मालक आणि डॉक्टर यांच्यापुरती राहावी आणि जाहीर व्हावा तो फक्त वळूच्या लेकींचा एकत्रित आकडा, ही त्यावरची निम्मी तोड झाली. उरलेली निम्मी दुधाच्या दरात आहे. आज संस्थेत फॅट आणि एसएनएफवर (दुधातल्या फॅटव्यतिरिक्तच्या घन घटकांवर) दर मिळतो, म्हणून शेतकरी रेतन करणाऱ्याला वळूचे लिटर आणि फॅट विचारतो. युरोपीय संघात एका मिलिलिटर दुधात चार लाखांहून अधिक कायिक पेशी चालत नाहीत, आणि या पेशी म्हणजे कासेत दडलेल्या दाहाचेच माप असते. आपल्या संघांनी प्रत्येक सभासदाच्या दुधातल्या या पेशी महिन्यातून एकदा जरी मोजल्या आणि कमी पेशींच्या दुधाला लिटरमागे रुपया-दीड रुपया अधिक दिला, तर आजार लपवण्यापेक्षा तो नसलेली गाय पाळण्यात पैसा दिसू लागेल. मग रेतमात्रा हातात घेण्याआधी शेतकरी स्वतःच विचारील, की या वळूच्या लेकींच्या कासा कशा आहेत. आणि रेतकेंद्राला त्याचे उत्तर आकड्यात द्यावे लागेल.